आधी खाज कुणाला सुटली

"मानेपासून तळपायापर्यंत लावा लागते," सुगंधा म्हणाली. "एकबी जागा सोडाची नाही. तू आंग धुऊन घे, मंग मी तुह्या पाठीले लावून देते."

तिच्या हातात औषधाची बाटली होती. आत दुधासारखं पांढरं काहीतरी होतं आणि ती ते खालीवर हलवत होती. रविवारची दुपार होती. होस्टेलच्या मागच्या अंगणात मुली कपडे आपटत होत्या आणि मी पलंगावर शरीररचनेचं पुस्तक उघडून बसले होते.

"मला कशाला?" मी विचारलं.

"दोघीइले लावा लागते. एकाच दिवशी. नाही तं मी बरी होईन अन् तुह्यापासून मले पुन्हा लागन."

"माझ्यापासून?"

"मंग?" सकाळी झाडू कुणी मारला हे सांगावं तितक्या सहज ती म्हणाली, "मले तुह्यापासूनच तं लागली."

मी पुस्तक मिटलं. तीन दिवसांपासून ती बोटांच्या बेचक्या, मनगटं, बेंबीचा भाग ओरबाडून काढत होती. खरूज होती, हे कुणीही सांगितलं असतं. माझ्या अंगावर एक ओरखडा नव्हता.

"सुगंधा, मला कुठे खाज सुटली आहे?"

"नसन सुटली. पहिल्या खेपेले नाही सुटत. आश्रमशाळेत नवी पोरगी आली का महिनाभर मजेत राहते, मंग रडत बसते. जुनीले दुसऱ्याच दिवशी समजते. मले पाच खेपा झाली. माह्या आंगाले तिची वळख हाय."

"म्हणजे तुला पाच वेळा झालेली, मला एकदाही नाही, आणि तुला माझ्यापासून लागली?"

"व्हय," ती हसून म्हणाली. "तसंच असते ते."

त्या हसण्याचा मला फार राग आला.

आम्ही नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल होतं, त्याला जोडून कॉलेज आणि कॉलेजला जोडून होस्टेल. मी अनुराधा खोडके, परतवाड्याची. वडील खरेदी-विक्री संघात सचिव, घरी फ्रीज, दारात स्कूटर. मी शुद्ध बोलायचे आणि त्याचा मला अभिमान होता. सुगंधा पेंदोर पांढरकवड्याच्या पलीकडच्या एका गोंड वस्तीवरून आलेली. घरी गोंडी, आश्रमशाळेत वऱ्हाडी, आणि पुस्तकातलं मराठी परीक्षेपुरतं. आमच्या वर्गात इंजेक्शनसाठी शीर पहिल्या झटक्यात सापडायची ती फक्त तिला.

खोलीत आम्ही दोघीच. दिवाळीच्या सुट्टीनंतर थंडी पडली तेव्हा तिच्याकडे एक सुती चादर होती आणि माझ्याकडे आईने दिलेली कापसाची जाडजूड रजई. दोन रात्री मी तिला कुडकुडताना ऐकलं. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, पलंग जोडू, रजई दोघींना पुरेल. हे मी घरी पत्रात कळवलंही होतं. बाबांनी उलट टपाली लिहिलं होतं, "तुझ्या वागण्याने आनंद झाला. भेदभाव न करणे हाच आपला संस्कार."

तर त्या रजईखाली चार दिवस काढल्यावर ही मला म्हणत होती, की खरूज माझी.

मी सरळ काळमेघ सिस्टरांच्या खोलीत गेले. त्या आमच्या ट्यूटर आणि वॉर्डनही. कडक इस्त्रीची टोपी, नखं बोटांच्या मांसापर्यंत कापलेली. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. कुणी मुलगी तापाने फणफणली तर तिच्या उशाशी बसून राहणाऱ्या होत्या.

"सिस्टर, मी तिला माझी रजई दिली," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. ते रडू खरं होतं. "आणि ती म्हणते, मीच तिला खरूज लावली."

सिस्टर उठल्या. "तोंड धू. उद्या बघते मी."

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी जेवणघरात आमच्या वर्षाच्या बेचाळीस मुली दोन रांगांत उभ्या राहिल्या. हात पुढे, बोटं फाकवलेली. सिस्टर एकेकीसमोर थांबत पुढे आल्या. सुगंधाच्या बेचक्या लालभडक सोलवटलेल्या होत्या.

"कधीपासून?"

"चार दिस झाले, सिस्टर."

"कुठून आणलीस?"

सुगंधाने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघितलं.

"इथूनच," ती म्हणाली.

मुली फिस्सकन हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. "हे होस्टेल सुरू होऊन एकवीस वर्षं झाली. इथे आजवर खरूज आलेली नाही." मग त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरून हात सगळ्यांना दिसतील असे वर उचलले. "हे बघा. दोघी एका खोलीत राहतात, एका अंथरुणात झोपतात. हिला का नाही झाली? कारण हिला स्वच्छतेची सवय आहे. रोग अंगाला नाही, सवयीला लागतो. लक्षात ठेवा."

सगळ्यांनी लक्षात ठेवलं.

सुगंधाला घरी जायला सांगण्यात आलं. पूर्ण बरी झाल्याचा सिव्हिल सर्जनचा दाखला आणायचा, मगच परत यायचं. ती गोंधळ न करता पेटी भरत होती. मी खिडकीशी उभी होते. जाताना तिने ती बाटली माझ्या पलंगावर ठेवली.

"अर्धी तुह्यासाठी ठेवली," ती म्हणाली. "पंधरा-वीस दिसांत लागन."

मी ती न्हाणीघराच्या मोरीत ओतून दिली. रजई धोब्याकडे पाठवली.

दोन आठवड्यांनी एका सकाळी सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंगचा ट्रे धरून उभी असताना माझ्या डाव्या मनगटाला आग लागल्यासारखं झालं. ट्रे सोडता येईना. डॉक्टर टाके मोजत होते आणि मला जगात दुसरं काही नको होतं, फक्त एक खाजवायला मिळावं. दुपारपर्यंत बोटांच्या बेचक्या, संध्याकाळपर्यंत कंबर. मी लांब बाह्यांचा स्वेटर घातला आणि आठ दिवस काढले. नवव्या दिवशी सिस्टरांनी मला औषधाच्या कपाटामागे मनगट दातांनी खाजवताना पकडलं.

त्यांनी मला स्वतःच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं, आणि तसलीच पांढरी बाटली काढली. माझ्या पाठीला त्यांनी स्वतःच्या हाताने औषध लावलं. फार भाजायचं ते.

"शेवटी ठेवूनच गेली बघ तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या.

"मी घरी जाऊ का, सिस्टर? दाखला आणायला?"

"वेडी आहेस? हजेरी बुडेल तुझी. वडिलांना काय वाटेल? कुणाला बोलू नकोस. कुणी विचारलंच तर उष्णता झाली म्हण."

पण असल्या गोष्टी लपत नाहीत. मुलींना कळलं आणि त्या मला फार जपू लागल्या. कुणी माझे कपडे उकळत्या पाण्यातून काढून दिले, कुणी खोबरेल तेल आणलं. "चांगुलपणा नडला गं तुला," असं प्रत्येकीने एकदा तरी म्हटलं. मलाही ते पटत होतं. रोज औषध लावताना मी मनातल्या मनात सुगंधाला क्षमा करत होते.

तिकडे तिचा दाखला मिळत नव्हता. पहिल्यांदा गेली तेव्हा सिव्हिल सर्जन दौऱ्यावर होते, दुसऱ्यांदा कारकून म्हणाला कॉलेजचं पत्र आण, तिसऱ्यांदा सही झाली तर शिक्का नव्हता. हे तिने एका पोस्टकार्डावर कळवलं होतं. ती आली तेव्हा फेब्रुवारी उजाडला होता आणि हजेरी भरून निघण्यासारखी नव्हती. नियम म्हणजे नियम. जूनमध्ये नव्या बॅचबरोबर पहिल्यापासून सुरू कर, असं तिला सांगितलं.

जूनमध्ये ती आली. मी आता दुसऱ्या वर्षाला. होस्टेलात सीनियरला "ताई" म्हणायची आणि सकाळी तिची गरम पाण्याची बादली भरून ठेवायची पद्धत होती. कुठली ज्युनियर कुठल्या सीनियरला, हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. माझ्या नावाची चिठ्ठी तिच्याच हातात आली.

"अनुराधाताई, पाणी ठेवलं," ती दारातून म्हणायची. तोंडावर रेषाही हलायची नाही.

जुलैत आमची पाळी त्वचारोग विभागात लागली. तिथे डॉ. वऱ्हाडपांडे होते. उंच, वाकलेले, खिशाला गळकं फाउंटनपेन. एके दिवशी कापसाचा एक अडत्या बायकोला घेऊन आला. पांढराशुभ्र झब्बा, अंगठ्या. बायको डोक्यावरचा पदर सावरत हाताने हात चोळत होती.

"डॉक्टरसाहेब, हिला खरूज झाली," तो म्हणाला. "आठ दिवसांपूर्वी माहेराहून आली, तिकडूनच घेऊन आली. हिला औषध द्या, आणि हिने किती दिवस वेगळं झोपायचं ते सांगा."

"तुम्हाला काही त्रास?"

"मला कसा होईल?" तो जवळजवळ दुखावलाच.

डॉक्टरांनी बायकोला विचारलं, "पूर्वी कधी झाली होती?"

"झालती," ती पुटपुटली. "चौथीत असताना."

"बरं. तुम्ही हात दाखवा," ते नवऱ्याला म्हणाले. कुरकुरत त्याने हात पुढे केला. डॉक्टरांनी पेन काढून त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला शाईचा ठिपका चोळला आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसून टाकला. सगळी शाई गेली, पण एक बारीक, वेडीवाकडी निळी रेघ कातडीत राहून गेली. सुईने तिचं टोक उकरून त्यांनी काचेवर घेतलं आणि आम्हाला एकेक करून सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. आठ पायांचा एक गोलमटोल किडा होता.

"हा तुमच्याकडे बऱ्याच दिवसांपासून मुक्कामाला आहे, शेठ," डॉक्टर म्हणाले.

"पण मला खाज कुठे आहे?"

"खाज किडा आणत नाही हो. तो बिचारा गुपचूप बोगदा खणतो, अंडी घालतो, राहतो. खाज आपलं शरीर आणतं. आणि त्यासाठी आधी शरीराने त्याला ओळखावं लागतं. पहिल्यांदा घुसला तर ओळख पटायला महिना, कधी दीड महिना जातो. तोवर माणूस मजेत असतो आणि खुशाल वाटत फिरतो. एकदा ओळखलं की शरीर ते सहसा विसरत नाही. पुन्हा आला की एक-दोन दिवसांत बोंब मारतं." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या मुलींनो. आधी खाज सुटली म्हणून तिनेच आणली, असं धरायचं नाही. तिचं शरीर तरबेज आहे, इतकाच त्याचा अर्थ. औषध घरातल्या सगळ्यांना, एकाच दिवशी."

"मग मी कुठून आणली?" अडत्याने विचारलं.

"ते मला कसं माहीत? घरी जाऊन शांतपणे आठवा."

बायकोने नवऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

मी वहीत लिहीत होते आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. सुगंधाने त्या रविवारी हेच सांगितलं होतं, फक्त वऱ्हाडीत. दिवाळीत माझी मोठी बहीण, ताई, माहेरपणाला आली होती. तिचं सहा महिन्यांचं बाळ मी बारा दिवस कडेवरून खाली ठेवलं नव्हतं. त्याच्या तळहातांवर, तळपायांवर बारीक फोड होते आणि ते रात्रभर किरकिर करायचं. आई म्हणाली उष्णता आहे, आणि त्याला सब्जाचं पाणी सुरू केलं. डिसेंबरात ताईचं पत्र आलं होतं, की सासरी सगळ्यांना खाज सुटली आहे आणि नव्या बोअरचं पाणी बाधलं असावं. आमच्या घराण्यात कुणाला खरूज होऊच शकत नव्हती. आम्हाला उष्णता व्हायची, पाणी बाधायचं. दिवाळीपासून माझ्या मनगटाला आग लागली त्या दिवसापर्यंत पाच आठवडे भरत होते.

सुगंधाला गाठायला मला चार दिवस लागले, तेही ती रोज दाराशी पाणी ठेवून जात असताना. शेवटी ती ड्रेसिंगच्या खोलीत गॉजच्या घड्या घालत बसलेली सापडली. मी दार लोटून घेतलं.

"तुझं खरं होतं," मी म्हटलं. "माझ्यापासूनच लागली तुला. वऱ्हाडपांडे सरांनी आम्हाला सांगितलं."

"सरानं सांगतलं म्हणजे खरंच असन," ती म्हणाली. तिचे हात चालूच होते.

"मला माफ कर, सुगंधा."

"केलं. आता माहं वर्ष भेटते काय?"

तिने घडी खाली ठेवली.

"मले काऊन सांगता, ताई? मले तं माहीतच होतं. ज्याइले माहीत नाही त्याइले सांगा. अन् माह्या रजिस्टरात लिवून ठेवलं हाय, 'अस्वच्छ सवयी'. इथून निंघाल्यावर जाईन तिथं ते माह्या आंधी पोचते. ते तेवढं खोडून द्या."

मी त्याच दिवशी काळमेघ सिस्टरांकडे गेले. सगळं सांगितलं, ताईच्या बाळापासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"किती मनाला लावून घेतेस गं. अगं, बाळाला उष्णताच असेल ती. आणि रजिस्टर शाईने लिहिलेलं असतं, ते का असं खोडता येतं?"

मग मी ठरवलं, सगळ्यांसमोर सांगायचं. शनिवारी संध्याकाळी प्रार्थनेनंतर सिस्टर विचारायच्या, कुणाला काही बोलायचं आहे का. सहसा पंख्याची नाहीतर आमटीची तक्रार असायची. त्या शनिवारी मी उभी राहिले. तीनही वर्षांच्या मुली होत्या, सव्वाशेच्या आसपास. पुढच्या खुर्चीची पाठ धरून मी बोलू लागले.

"मागच्या वर्षी होस्टेलात खरूज आली ती मी आणली होती. माझ्या घरून. सुगंधाला ती माझ्यापासून लागली. तिने मला तेव्हाच सांगितलं होतं, औषधही दिलं होतं, आणि मी उलट तिचीच तक्रार केली. तिचं वर्ष माझ्यामुळे गेलं."

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मुलींनो," त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला वर्षभर सेवाभाव शिकवते. आज तो तुमच्यासमोर उभा आहे. मैत्रिणीवरचा डाग पुसायचा म्हणून ही मुलगी तो स्वतःच्या अंगावर घेते आहे. ज्या मुलीने हिला रोग दिला, तिच्यासाठी!"

"नाही सिस्टर, खरंच मी..."

"बस बाळ, बस. कळलं आम्हाला."

आणि टाळ्या सुरू झाल्या. मी काहीतरी ओरडले, ते त्यात बुडून गेलं. दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. पुढे सतरंजीवर पहिल्या वर्षाच्या मुली बसल्या होत्या आणि त्यांच्यात सुगंधाही टाळ्या वाजवत होती, माझ्याकडे बघत, अगदी तालात.

या प्रकरणाचं पुढे काय झालं ते सांगून टाकते. सोमवारी रजिस्टरात नवी नोंद झाली, पण ती माझ्या पानावर. "सहकाऱ्याचा दोष स्वतःवर घेण्याची उदार वृत्ती." शेवटच्या वर्षी आदर्श विद्यार्थिनीचा कप मला मिळाला. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत अध्यक्षांनी ती ओळ मोठ्याने वाचली आणि दुसरा प्रश्नच विचारला नाही. सुगंधा एक वर्ष मागून पास झाली, गुण माझ्यापेक्षा जास्त. तिला नोकरी लागायला अडीच वर्षं गेली. आता ती पांढरकवड्याकडेच एका आरोग्य केंद्रात आहे आणि आसपासच्या सात-आठ गावांतली बाळंतपणं तिच्याच हातची असतात, असं ऐकते. मी तिला पत्रं लिहिली. तिने एकाचं उत्तर दिलं, त्यात पाऊसपाणी होतं.

त्या शनिवारी टाळ्या संपल्यावर मी तिला शोधत मागच्या अंगणात गेले. ती नळावर बादली भरत होती. माझीच बादली.

"सुगंधा, मी खरं तेच सांगितलं," मी म्हटलं. "तू ऐकलंस ना?"

"ऐकलं ना. टाळ्याबी वाजवल्या."

"मी पुन्हा सांगते. सोमवारी प्राचार्यांकडेच जाते. लिहून देते त्यांना."

तिने नळ बंद केला आणि पहिल्यांदाच, त्या रविवारनंतर पहिल्यांदाच, ती माझ्याकडे बघून हसली.

"आता गप बसा वं ताई," ती म्हणाली. "आणखी एकडाव खरं बोलल्या तं हे लोक तुमचा पुतळा बसवतीन."

आणि बादली उचलून ती माझ्या खोलीकडे चालू लागली.